मुकुट आणि क्रोना

स्वीडिश भाषेत 'क्रोना' या शब्दाचे दोन अर्थ. एक मुकुट, आणि दुसरा तिथलं चलन, म्हणजे सरळ सरळ पैसे. तिथल्या पुरुषांच्या आइस हॉकी टीमला 'त्रे क्रोनोर' म्हणजे 'तीन मुकुट' म्हणतात, कारण जर्सीवर तीन मुकुट असतात. बायकांच्या टीमचं नाव 'दामक्रोनोर्ना'. यातलं 'दाम' म्हणजे बाई. (आपल्याकडे दाम म्हणजे काय ते सांगायला नको. निव्वळ योगायोग, पण पुढची गोष्ट वाचलीत की पटेल किती चपखल योगायोग आहे ते.) मुकुट दोन्ही टीमच्या जर्सीवर सारखेच, तीन. दुसऱ्या अर्थाच्या क्रोनांची वाटणी मात्र तशी नव्हती.

खरं तर मला आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. २०१८ च्या शेवटी कंपनीने दीड वर्षासाठी लिनशॉपिंगला ऑनसाइट पाठवलं. लिहायचं लिंकोपिंग, म्हणायचं लिनशॉपिंग. आईला फोनवर गावाचं नाव सांगितलं तर म्हणाली, "अगं, नोकरीला चाललीयेस ना? मग शॉपिंग कसलं मधेच?" असो. तर या गावात सप्टेंबर ते एप्रिल माणसं दोनच विषयांवर बोलतात, हवामान आणि हॉकी. हवामानावर बोलण्यासारखं फार नसतं. अंधार, बर्फ, परत अंधार. त्यामुळे हॉकी समजून घेणं भागच पडलं. रोज दुपारी कॉफीच्या सुट्टीत (तिला 'फिका' म्हणतात आणि ती चुकवणं म्हणजे जवळपास गुन्हा) दालचिनीचा बन खाताखाता माझी शिकवणी चालायची. रबराची काळी चकती म्हणजे पक. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. बायकांच्या खेळात मुद्दाम अंगावर जाऊन धडक मारायची नाही, पुरुषांच्या खेळात बिनधास्त मारायची. वगैरे.

एप्रिल २०१९ मधे एके दिवशी फिकाला सगळे गप्प गप्प. विचारलं तर कळलं, फिनलंडमधल्या एस्पो इथे बायकांची जागतिक स्पर्धा चालू होती, त्यात जपानने स्वीडनला ३-२ असं हरवलं आणि स्वीडन वरच्या गटातून थेट खाली घसरलं. १९९० पासून असं एकदाही झालं नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याची दहा वर्षांची मुलगी हॉकी खेळते, गोलकीपर आहे. तो नुसता कॉफी ढवळत बसला होता. मग ऑगस्टमधे त्याच टीमने संप केला, आणि फिकाच्या टेबलावर पहिल्यांदाच आवाज चढलेले ऐकले. स्वीडिश माणसाचा आवाज चढणं म्हणजे साधारण आपण हॉटेलात वेटरला पाणी मागतो तितपत, पण तरीही. एकजण म्हणाला, "आधी जिंकून दाखवा म्हणावं, मग मागा पैसे."

हे वाक्य मी मराठीत ऐकलंय, हिंदीत ऐकलंय, अप्रेझलच्या खोलीत गुळगुळीत इंग्रजीत ऐकलंय. स्वीडिशमधे पहिल्यांदाच ऐकलं. आणि आम्ही पडलो इंजिनीअर, कोणी 'आधी रिझल्ट' म्हटलं की जुने लॉग उघडून बघायची सवय. त्या वीकेंडला बसले आणि या टीमचा सगळा इतिहास वाचून काढला.

तर पार्श्वभूमी अशी. बायकांच्या आइस हॉकीत पहिल्यापासून दोनच महासत्ता, कॅनडा आणि अमेरिका. बाकीच्यांनी तिसऱ्या नंबरासाठी भांडायचं. १९९० मधे ऑटवाला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा स्वीडन चौथं आलं. १९९६ ची युरोपियन स्पर्धा त्यांनी जिंकली. १९९८ मधे नागानोला बायकांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमधे आली, तिथे सहा टीममधे पाचव्या. म्हणजे पोरी बऱ्या आहेत, पण खूप काही नाही, असा एकूण मामला.

मग आलं २००२, सॉल्ट लेक सिटी. २० फेब्रुवारीला स्वीडनचे पुरुष, एनएचएलमधले एकेक दिग्गज असलेली टीम, उपांत्यपूर्व फेरीत बेलारूसकडून ४-३ ने हरले. बेलारूसच्या खेळाडूने पार लांबून मारलेला पक गोलकीपरच्या डोक्यावर आपटून मागे गोलात गेला. स्वीडनमधे हा गोल आजही लोकांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगतात. तर पुरुषांची अशी शोभा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बायकांनी फिनलंडला २-१ असं हरवून ब्राँझ घेतलं. गोलमधे होती किम मार्टिन. वय वर्षं १५! सोळावा वाढदिवस बरोब्बर एका आठवड्यावर होता. मी पंधराव्या वर्षी काय करत होते? दहावीच्या प्रिलिमला भूमितीच्या पेपरात रडत होते.

पण खरी गोष्ट २००६ ची. तुरीन ऑलिंपिक, १७ फेब्रुवारी, उपांत्य सामना, समोर अमेरिका. तोपर्यंत ऑलिंपिक असो की जागतिक स्पर्धा, अमेरिकेच्या बायका कॅनडा सोडून कोणाहीकडून कधीही हरल्या नव्हत्या. कधीही म्हणजे कधीही. प्रत्येक फायनल कॅनडा विरुद्ध अमेरिका. आणि त्याच स्पर्धेत गटातल्या सामन्यात कॅनडाने स्वीडनला ८-१ असं धुतलं होतं. म्हणजे त्या दिवशी स्वीडनवर पैसे लावणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

अमेरिकेने दोन गोल केले. २-०. इथे सामना संपायला हवा होता. पण दुसऱ्या सत्रात मारिया रूथने एक गोल केला, आणि थोड्या वेळाने अजून एक. २-२. त्यानंतर अमेरिका हल्ल्यावर हल्ले करतेय आणि किम मार्टिन अडवतेय, अडवतेय, अडवतेय. तिने एकूण ३७ शॉट अडवले. तिसरं सत्र संपलं, ओव्हरटाइम संपला, बरोबरी कायम. मग शूटआउट. मैदानात एकच खेळाडू, मधून पक घेऊन निघायचं, समोर फक्त गोलकीपर. अमेरिकेच्या एकीलाही किमने गोल करू दिला नाही. स्वीडनकडून पर्निला विनबर्गने एक मारला (तिचं वय १६, सतरावा वाढदिवस एका आठवड्यावर, या टीमचं वाढदिवसांशी काय नातं आहे कळत नाही), आणि शेवटचा मारला मारिया रूथनेच. ३-२. अमेरिका बाहेर.

हा सामना मी यूट्यूबवर तीनदा पाहिलाय. निकाल माहीत असूनही रूथ शेवटच्या शॉटला निघते तेव्हा पोटात गोळा येतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगायचं तर ८३ चा लॉर्ड्स. फरक इतकाच की त्यांना फायनल नंतर खेळायची होती. फायनलमधे कॅनडाने ४-१ ने हरवलं. पण रौप्यपदक ते रौप्यपदक. त्यानंतर आठवड्याभरात स्वीडनच्या पुरुषांनी सुवर्ण जिंकलं आणि सगळा देश तिकडे पळाला, ते सोडा.

इथपर्यंत वाचलं तेव्हा मला वाटलं की झालं, हेच तर उत्तर. रिझल्ट दाखवलाच होता की! १३ वर्षांपूर्वीच दाखवला होता. मग पैसे कुठे गेले?

पण जरा खोलात गेल्यावर अजून एक गोष्ट हाती लागली, आणि ती मला त्या शूटआउटपेक्षाही महत्त्वाची वाटते. मारिया रूथ आणि त्या टीमची कॅप्टन एरिका होल्स्ट, दोघी घडल्या कुठे? अमेरिकेत! मिनेसोटा राज्यातल्या डुलुथच्या विद्यापीठात. तिथे १९९९ मधे बायकांची टीम नव्याने सुरू झाली, कोच शॅनन मिलर, जिने १९९८ च्या ऑलिंपिकला कॅनडाची टीम नेली होती. तिने युरोपभरातून मुली गोळा केल्या. २००१, २००२ आणि २००३, अमेरिकेतली विद्यापीठांची पहिली तीन राष्ट्रीय विजेतेपदं ओळीने डुलुथने जिंकली, आणि रूथ आणि होल्स्ट तिन्ही वेळा त्या टीममधे होत्या. अमेरिकेत विद्यापीठांना मुलींच्या खेळाकडे दुर्लक्ष करता येत नाही, १९७२ चा कायदा आहे तसा. त्यामुळे तिथे शिष्यवृत्ती, रोजचा बर्फ, पूर्णवेळ कोच, फिजिओ, सगळं मिळतं.

म्हणजे बघा, अमेरिकेला हरवणारा गोल अमेरिकेच्याच पैशाने शिकवलेला होता. स्वीडनने काय केलं? मुली जन्माला घातल्या, लहानपणी मुलांच्या टीममधून खेळू दिल्या, आणि मोठं झाल्यावर विमानात बसवलं. पुढे किम मार्टिनसुद्धा डुलुथलाच गेली. हे मी कुत्सितपणे म्हणत नाहीये. २००२ पासून कोच असलेला पीटर एलँडर आणि त्या पोरी यांचं श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही. मुद्दा वेगळाच आहे. तुरीनचं पदक पाहून फेडरेशनला वाटलं असावं की आपली यंत्रणा मस्त चाललीये. मला जे दिसतं ते असं की यंत्रणा जवळपास नव्हतीच, पाच-सहा विलक्षण माणसं होती. आमच्या क्षेत्रात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा प्रोजेक्ट दोन भन्नाट माणसं रात्री जागून तारून नेतात, मॅनेजमेंट टाळ्या वाजवते आणि पुढच्या वर्षी त्याच बजेटमधे दुप्पट काम देते. मग ती दोन माणसं जातात. मग लोक विचारतात, क्वालिटी का घसरली?

इथेही तेच. २००७ मधे जागतिक स्पर्धेत ब्राँझ (२००५ मधे इथे लिनशॉपिंग-नॉरशॉपिंगला घरच्या स्पर्धेतही मिळालं होतं), आणि मग उतरण. १७ फेब्रुवारी २०१०, तुरीनच्या त्या दिवसानंतर बरोब्बर चार वर्षांनी, व्हँकुव्हरला कॅनडाने स्वीडनला १३-१ असं हरवलं. ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जाक रॉग यांनी त्या स्पर्धेत जाहीरच बजावलं की सुधारणा झाली नाही तर हा खेळ असाच चालू ठेवता येणार नाही. स्वीडन तिथे चौथं आलं. २०१४ ला सोचीत पुन्हा चौथं, ब्राँझ स्वित्झर्लंडने नेलं. २०१८ ला प्यांगचांगमधे सातवं. गंमत म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत स्वीडनच्या अठरा वर्षांखालच्या मुलींनी जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवलं होतं. म्हणजे मुली होत्या. चांगल्या होत्या. अठराव्या वर्षापर्यंत जगात दुसऱ्या, आणि मग कुठेतरी गळत होत्या.

कुठे गळत होत्या हे २०१९ च्या संपाने सांगितलं.

१४ ऑगस्ट २०१९. राष्ट्रीय शिबिरासाठी ४३ जणींना बोलावणं गेलं होतं. त्या सगळ्याच्या सगळ्या ४३ जणींनी एकाच दिवशी सांगितलं, आम्ही येत नाही. सोबत एक घोषवाक्य, 'फॉर फ्रामतीदेन', भविष्यासाठी. एकही फुटली नाही. मला हे फार मोठं वाटतं. ४३ माणसांना टीम लंचसाठी एका हॉटेलवर सहमत करून दाखवा, मग बोलू.

त्यांच्या तक्रारी वाचल्या तेव्हा पहिल्यांदा चकित झाले, कारण मला वाटलं होतं मोठमोठे आकडे असतील. मुख्य मागणी मोबदल्याची होतीच. यातल्या बहुतेकजणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळतात, देशासाठी खेळायला गेलं की तेवढा पगार बुडतो, आणि त्याची भरपाई करणारी व्यवस्था बंद झाली होती. पण बाकी यादी? प्रवासाची गैरसोयीची आखणी. दिलेले कपडे बायकांच्या मापाचे नाहीत. खायला दिलेल्या पोषक पदार्थांची तारीख उलटून गेलेली.

तारीख उलटून गेलेली! स्वीडनमधे! जिथे ऑफिसच्या फ्रिजमधल्या दुधाच्या तारखेवरून ईमेल येतात, त्या देशात, देशाच्या टीमला.

फिकाच्या टेबलावर यावरही मतभेद झाले. एवढ्याशा गोष्टींवरून कोणी संप करतं का, असं एकाचं म्हणणं. माझं मत उलट आहे. पैसे कमी असतील तर समजू शकते, फेडरेशनकडे नाणी पाडायचा कारखाना नाही. पण मापाचा शर्ट द्यायला किती क्रोना लागतात? मापाचा शर्ट मिळत नाही याचा अर्थ पैसे नाहीत असा होत नाही. ऑर्डर देताना त्या खोलीत कोणालाही या बायका आठवल्या नाहीत, एवढाच होतो. आणि हे कळायला मला स्वीडनला जायची गरज नव्हती. पूर्वीच्या एका कंपनीत सगळ्यांना जॅकेटं वाटली होती. आमच्या टीममधल्या चार मुलींना पुरुषांचं 'एल' मिळालं, कारण तेवढंच उरलं होतं. अजून माळ्यावर आहे माझं. बाबा पावसाळ्यात स्कूटर पुसायला घेतात.

आमचा गोलकीपरचा बाबा त्या दिवशी एकच वाक्य बोलला. "माझी मुलगी मला विचारते की मोठी झाल्यावर मी हेच करू शकेन का, आणि मला उत्तर माहीत नाही." त्यानंतर टेबलावर कोणी फार बोललं नाही.

अशा लढ्यांचा एक धडा समोर होता. २०१७ मधे अमेरिकेच्या बायकांनी मायदेशातल्या जागतिक स्पर्धेवर बहिष्काराची धमकी दिली होती आणि स्पर्धा सुरू व्हायला तीन दिवस असताना करार झाला होता. शिवाय त्या गतविजेत्या होत्या, त्यांच्याशिवाय स्पर्धाच लंगडी. स्वीडनच्या पोरींच्या हातात असं काहीच नव्हतं. चार महिन्यांपूर्वीच खालच्या गटात ढकलल्या गेलेल्या. सौदा करायला याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. नोव्हेंबरमधे लूलेओला चार देशांची स्पर्धा भरायची होती, ती रद्द झाली. बेकार गेलं ते शरद ऋतूचं पर्व. पण ऑक्टोबरमधे फेडरेशनने करार केला. जिंकल्यानंतर मागितलं असतं तर मिळालं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी २००६ नंतरचे लॉग पुन्हा बघावेत. जिंकल्यावर मागायची गरज वाटत नाही आणि हरल्यावर मागायची लाज वाटते. या बायकांनी लाज बाजूला ठेवली.

तेव्हाची कोच होती इल्वा मार्टिनसेन. टीमची पहिली महिला मुख्य कोच, आणि २००२ व २००६ च्या दोन्ही पदकविजेत्या टीममधली खेळाडू. दोन पदकं गळ्यात घातलेली बाई, तिच्याच कारकिर्दीत टीम घसरली आणि तिच्याच शिबिराला कोणी आलं नाही. तिच्या मनात त्या दिवशी काय चाललं असेल, याचा विचार मी बरेचदा करते.

करार झाला म्हणून जादू झाली नाही. वर यायला खालच्या गटात जिंकणं भाग, तर २०२० ची ती स्पर्धाच कोरोनाने गिळली. मीही त्याच वसंतात गाशा गुंडाळून पुण्याला परत आले. ऑलिंपिक पात्रतेचे सामने नोव्हेंबर २०२१ मधे झाले, तेही लूलेओलाच, जिथली स्पर्धा संपात बुडाली होती. तिथे जिंकून स्वीडन बीजिंगला पोचलं. आणि बीजिंगमधे फेब्रुवारी २०२२ ला उपांत्यपूर्व फेरीत कॅनडाकडून ११-० असा मार खाल्ला. त्या दिवशी मी लिनशॉपिंगला मेसेज केला नाही. काय लिहिणार?

पण मायदेशी लीगमधे हळूहळू काहीतरी शिजत होतं. २०२२ च्या मोसमापासून स्वीडनच्या बायकांच्या लीगने अंगावर धडक मारायला परवानगी दिली, म्हणजे फिकाच्या शिकवणीतला माझा एक नियम बादच झाला. बायकांच्या मोठ्या लीगमधे असं करणारी ही पहिली. खेळ जास्त वेगवान आणि दणकट झाला म्हणतात. याच वर्षी टीम जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटातही परतली.

मग एप्रिल २०२३. कॅनडात ब्रँप्टनला जागतिक स्पर्धा, पुन्हा उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा समोर कॅनडा, प्रेक्षक अर्थातच सगळे कॅनडाचे. बीजिंगला चौदा महिने झाले होते. स्वीडनने शेवटच्या मिनिटात गोल करून २-२ अशी बरोबरी केली आणि सामना ओव्हरटाइममधे नेला. तिथे सेरा नर्सने कॅनडाला वाचवलं. ३-२.

सकाळी उठले तर फोनवर लिनशॉपिंगचा मेसेज होता. नुसता स्कोअर, आणि पुढे एक स्मायली. हरल्याचा स्कोअर पाठवून स्मायली टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. :) मी त्याला विचारलं, गोलमधे कोण होतं? एमा सोडरबर्ग, तो म्हणाला. नाव शोधून बघितलं, कुठे शिकली ते. डुलुथ.